कयाक उलटली तर आत बसल्याबसल्या सुलटी कशी करायची? (मराठवाड्यातल्या धरणांवर वल्हवणाऱ्यांसाठी)

गोदाकाठचा (छत्रपती संभाजीनगर)

नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) भरला की दरवर्षी एकच प्रश्न येतो, 'कयाक घ्यायची आहे, कोणती घेऊ?' उलटली तर काय, हे विचारणारा क्वचित भेटतो. ज्यांनी विचारलं त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांत सांगत आलो. आता सगळं एका ठिकाणी लिहून टाकतो. चर्चा खाली करू.

आधी होडीचं. पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याने मिळतात त्या बहुतेक कयाक वर बसायच्या असतात. ती उलटली की माणूस आपसूक बाहेर फेकला जातो. हवा भरायच्या होड्यांचंही तेच. तुमची होडी अशी असेल तर या धाग्यातलं फार थोडं तुमच्या कामाचं. लाइफ जॅकेट घाला आणि पाण्यातून परत वर चढायचा सराव करा, पुरे.

आत बसून सुलटं व्हायचं तर बंद कॉकपिटची होडी लागते, म्हणजे बसायची खाच सोडून वरून झाकलेली. मांड्यांना वरून आधार, पाय टेकायला खुंट्या, आणि कमरेभोवती पाणी अडवणारा स्कर्ट. होडी अंगाला घट्ट बसली पाहिजे. कंबर हलली आणि होडी जागची हलली नाही तर पुढचं काहीच जमणार नाही. मांडीच्या आणि कमरेच्या बाजूला फोमचे तुकडे चिकटवून ढिलाई काढा. हे काम घरी ओसरीत बसून होतं, पण लोक नेमकं तेच करत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे रोलच्या (आत बसूनच होडी सुलटी करण्याच्या) आधी सुटका शिका. उलट्या होडीतून बाहेर कसं पडायचं हे ज्याच्या अंगात मुरलेलं नाही, तो पाण्याखाली गेल्यावर घाबरतो आणि घाबरलेला माणूस रोल करूच शकत नाही. पद्धत सोपी आहे. पुढे वाका. होडीच्या बुडावर दोन्ही हातांनी थापट्या मारा, म्हणजे सोबत्याला कळेल आणि तुमचंही डोकं ठिकाणावर राहील. मग हात कॉकपिटच्या कडेवरून पुढे सरकवत न्या, स्कर्टचा लूप (ओढून काढायचा पट्टा) सापडेल. तो आधी पुढे ढकला, मग ओढा. स्कर्ट निघाला की हात कमरेच्या दोन्ही बाजूंना टेकून होडी पायातून विजार उतरवतात तशी उतरवा. पाण्यात शिरण्याआधी लूप बाहेर आहे ना हे दरवेळी हाताने चाचपा. लूप आत दबलेला असेल तर वर सांगितलेलं सगळं फुकट.

आता रोल. उजव्या हाताचं सांगतो.

पुढे वाका, नाक डेककडे (होडीच्या वरच्या बाजूकडे). वल्हं होडीच्या डाव्या अंगाला, होडीला समांतर. उजवा हात पुढे, डावा मागे कमरेपाशी. डावीकडे कलंडा. पूर्ण उलटे होईपर्यंत काही करू नका. घाई करणाऱ्याचं वल्हं पाण्यातच अडकून राहतं. होडी थांबली की दोन्ही हात वर, पाण्याबाहेर ढकला. मनगटाला हवा लागली की समजा वल्हं पृष्ठभागावर आलं. आता पुढचं पातं पाण्यावरूनच होडीपासून दूर, कमानीत फिरवा. पात्याची पुढची कड किंचित वर ठेवा, नाहीतर ते खाली डुबकी मारतं. पातं बाहेर जाऊ लागलं की उजवा गुडघा वर ओढा आणि कंबरेने होडी आपल्याखाली फिरवा. आधी होडी सुलटी होते, मागोमाग अंग येतं. डोकं सगळ्यात शेवटी.

सगळी गंमत या 'शेवटी'त आहे. माणसाचं डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. पाण्यात ते जवळजवळ बिनवजनाचं असतं, बाहेर काढलं की त्याचा सगळा भार होडीला परत उलटं ढकलतो. नेहमीचं ५० न्यूटनचं जॅकेट सुमारे ५ किलो उचलेल एवढाच आधार देतं. म्हणजे डोकं घाईने वर काढलं की जॅकेटने दिलेलं सगळं तुम्ही एका झटक्यात उधळलं. पण बुडालेल्या माणसाची पहिली ऊर्मीच डोकं वर काढायची असते. रोल शिकणं म्हणजे बहुतांशी ही ऊर्मी दाबायला शिकणं. हातात किती ताकद आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणून व्यायामशाळेतली धट्टीकट्टी पोरं यात हमखास मागे पडतात आणि किडकिडीत मुली पटकन शिकतात.

नजर फिरणाऱ्या पात्यावर ठेवा. पात्याकडे बघत राहिलं की डोकं आपोआप खाली राहतं.

---

बिनपाण्याचा लातूरकर

दादा, २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, 'जलदूत' नाव होतं गाडीचं. आणि तुम्ही इथं उलटं व्हायला पाणी शोधायलाव! 😄

चेष्टा सोडा. मांजरा धरण भरलं की धनेगावला जातो आम्ही. मला पोहता येतं पण लै भारी नाही. विहिरीत डबा बांधून शिकलेलो. चालतंय का?

गोदाकाठचा

विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही, अर्धं काम झालं. पण जॅकेट घालून कपड्यांसकट २००-२५० मीटर तरी न थांबता पोहता यायला हवं. आणि पाण्याखाली डोळे उघडे ठेवायची सवय करा. डोळे मिटून रोल करणारे बघितलेत मी. त्यांना वर कुठं आणि खाली कुठं तेच कळत नाही.

कापूसकोंड्याची (परभणी)

लेख आवडला. माझी अडचण अशी की अर्धी वर येते आणि तिथून परत धप्पकन खाली. दरवेळी तिथंच. भाऊ म्हणतो हात जोरात मार. मी जोरात मारते तेवढी जोरात पडते.

वेगळा प्रश्न : परभणीत पूलवाले होडी आत घेऊ देत नाहीत. जालन्याकडे मामाचं मोठं शेततळं आहे, भरपूर पाणी. तिथे सराव करावा का?

कोलाडचा पाहुणा

मूळचा नांदेडचा, सध्या कुंडलिका नदीवर पोटापाण्याला. भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी पाणी सुटलं की राफ्ट खाली नेणं हे आमचं रोजचं. कयाकवर सोबतीला असतो.

कापूसकोंड्याची ताई, तुमच्या भावाला वल्हं देऊ नका 😀 अर्ध्यात पडणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं डोकं आधी वर आलेलं असतं. स्वतःचा व्हिडिओ काढा, मोबाईल काठावर ठेवून. ज्या क्षणाला तोंड हवेत येतं त्या क्षणाला होडी किती कलंडलेली आहे ते बघा. होडी अजून कडेवर उभी असेल तर डोकं लवकर आलं.

व्हिडिओत डोकं खालीच दिसलं तर दुसरं कारण शोधा. मागचं पातं होडीच्या बुडाला आपटतंय का? डावा हात पुरेसा वर ढकलला नाही तर मागचं पातं बुडाला अडतं, मग पुढच्या पात्याला खाली जाण्यावाचून गत्यंतर नसतं. ठक्क असा आवाज येतो, लक्ष दिलं तर ऐकू येतो.

तिसरं म्हणजे चुकीचा गुडघा. घाबरल्यावर माणूस दोन्ही पाय ताठ करतो. दोन्ही गुडघे एकदम ओढले की एकमेकांचं काम मारतात. वर येताना फक्त उजवा. डावा मोकळा सोडा, अगदी ढिला.

आणि वल्हं महिनाभर बाजूला ठेवा. पूलचा काठ धरा किंवा छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या कुणाचे तरी हात धरा. कान पाण्याला टेकवा, होडी पूर्ण अंगावर घ्या, आणि फक्त कंबरेने ती सुलटी करा. हातावर जेवढा कमी भार तेवढं बरं. धरणाऱ्याला विचारत राहा, 'किती जोर आला?' तो म्हणाला पाहिजे, 'काहीच नाही.' तिथवर पोचलात की वल्हं नुसतं निमित्तापुरतं उरतं.

जालन्याची मोसंबी

> जालन्याकडे मामाचं मोठं शेततळं आहे

ताई, हात जोडून सांगतो, नको. माझं स्वतःचं शेततळं आहे. 'मागेल त्याला शेततळे' मधलं, खाली ५०० मायक्रॉनचा कागद. आमच्या जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षं उभी केली, शेततळ्याला मी नावं ठेवणार नाही. पण पोहायला ते वाईट. प्लास्टिकवर शेवाळ धरलं की काठ निसरडा, उतार तीव्र, धरायला काही नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला लागून बाहेर निघू शकत नाही, थकतो आणि जातो. दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या असतात, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही.

उतरायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर मजबूत खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले हवेत, ट्यूब तरंगती हवी, वर दोन धडधाकट माणसं हवीत. शिवाय ते हात धरून उभं राहायचं जे सांगितलंय ते उतारावर होणारच नाही. पाय ठरत नाही. आणि कागद फाटला तर मामा पुढच्या दिवाळीला बोलावणार नाही.

कापूसकोंड्याची

पटलं. मामाला काही बोललेच नव्हते अजून, बरं झालं.

काठावरचा (नांदेड)

सगळं छान चाललंय, पण मला एक मूलभूत शंका आहे. आपल्याकडे पांढरं फेसाळतं पाणी नाही, विष्णुपुरी काय किंवा येलदरी काय, थांबलेलं पाणी. बर्फाळही नाही. उलटलो तर बाहेर पडून होडी धरून राहू. रोल ही दाखवायची कला झाली. सोबतीच्या होडीच्या आधाराने परत आत चढायचं शिकवा ना लोकांना आधी. शंभरातले पाच जण रोल शिकतील, पंचाण्णव जण तो न शिकता पाण्यात जाणार. त्यांचं काय?

कोलाडचा पाहुणा

थांबलेलं पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हे कुणी सांगितलं? नदीत पोहायला लागलं तर पुढच्या वळणावर काठ मिळतो. धरणात काठ दिसत राहतो आणि मिळत नाही.

गोदाकाठचा

> थांबलेलं पाणी

नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद आहे. वाऱ्याला एवढं मोकळं मैदान मिळालं की लाटा उठतात, आणि पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ असल्याने त्या आखूड आणि उभ्या असतात, एकामागोमाग एक. मे-जूनमध्ये दुपारी वळीव येताना वारं कसं फिरतं हे इथल्या प्रत्येकाने बघितलंय. अशा वेळी काठ दोन किलोमीटरवर असेल तर पाण्यात उतरलेला माणूस, पाण्याने भरलेली होडी आणि निसटलेलं वल्हं अशा तीन गोष्टी तीन दिशांना जातात. आत बसून सुलटा झालेला माणूस मात्र चूळ भरून पुढे वल्हवायला लागतो.

पण काठावरचा यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. दुसऱ्याच्या मदतीने परत चढणं प्रत्येकाला आलंच पाहिजे, आणि रोल येणाऱ्यालाही आलं पाहिजे. पद्धत अशी : वाचवणारा उलट्या होडीचं नाक स्वतःच्या डेकवर आडवं ओढून घेतो, पाणी निथळलं की सुलटी करतो, दोन्ही होड्या शेजारी धरून ठेवतो, आणि पाण्यातला माणूस मागच्या डेकवर पोटावर चढून पाय आत सरकवतो. यात कुणी नायक होत नाही, पण जीव वाचतो.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी सुटका, मग मदतीने चढणं, मग रोल. रोल आधी शिकणारे बहुतेक जण पहिल्या दोन गोष्टी शिकतच नाहीत.

काठावरचा

हा क्रम मूळ लेखात एवढा स्पष्ट नव्हता. आता मान्य.

एक भर घालतो. जीनो वॉटकिन्स नावाचा ब्रिटिश मोहीमवीर होता. १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडमध्ये तिथल्या लोकांकडून त्याने रोल शिकला, त्यात तो तरबेज मानला जायचा. १९३२ मध्ये पुन्हा तिथेच एकटा सील मारायला गेला आणि परतला नाही. कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय २५. रोल येतो म्हणून एकट्याने जाऊ नये, एवढंच.

भोईवाडा पैठण

तुमी शिकलेली मानसं हायेत, मला ते स्कर्ट-बिर्ट काय कळत न्हाई. पन पानी कळतं. आमचं घर तीन पिढ्यांपासून नदीवर. आजा डोणीवर होता, आता आमी थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकतो.

येक सांगतो. धरन झालं तवा खालची गावं, रानं, बाभळी समदं तसंच पान्याखाली गेलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की बाभळीचे खुंट वर येतात, हिवाळ्यात ते हातभर पान्याखाली असतेत आन दिसत न्हाईत. तुमी उलटे झाले आन डोकं खाली असलं तर खुंट कुटं हाय ते कसं कळनार? दुसरं, जाळी. सांजच्याला टाकतो, सकाळी काढतो. बारीक नायलॉनची, पान्यात दिसतच न्हाई. वर नुस्ता थर्माकोलचा तुकडा नाहीतर बिसलेरीची बाटली तरंगते. बाटल्यांची रांग दिसली की तिच्यामधून होडी घालू नका. वल्हं गुतलं तर उलटं पडून सोडवनार कसं? आन आमचं जाळं फाटतं ते येगळंच.

काठाला आले की कुना भोयाला इचारा, कुटं मोकळं पानी हाय. कोनी बी सांगंल. चहा पन पाजंल.

गोदाकाठचा

काका, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. जॅकेटला छोटी सुरी अडकवलेली असावी, हे मी लिहायला हवं होतं असं आता वाटतंय, जाळ्यांसाठीच. आणि हेल्मेट. सपाट पाण्यात हेल्मेट कशाला म्हणून हसणारे असतात, त्यांना हे खुंटांचं वाचायला लावा.

भोईवाडा पैठण

सुरी ठेवा, पन आमच्या जाळ्यावर लगेच चालवू नका 🙂 आदी हळू मागं घ्या. बहुतेक वेळा निघतं.

कानघसा (कान-नाक-घसा, बीड)

वाचकांपैकी काही जण माझ्याकडे येण्याआधीच लिहितो.

उलटं झाल्यावर पाणी नाकातून वर जातं आणि सायनसमध्ये बसतं. मग दिवसभर मान खाली घातली की नाकातून धार. धरणाचं गढूळ पाणी असेल तर सर्दी, डोकेदुखी. उपाय स्वस्त आहे, नाकाचा चिमटा. नसेल तर उलटं असताना नाकाने बारीक बारीक हवा सोडत राहा. चिमटा दोरीने हेल्मेटला बांधा, नाहीतर पहिल्याच दिवशी धरणाला अर्पण.

कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांनी हा प्रकार तपासून घेतल्याशिवाय करू नये. सराव झाल्यावर कान बाहेरून टॉवेलने पुसा, आत काडी घालू नका. ओल्या कानात बुरशी वाढते. आमच्याकडचे लोक त्यावर कोमट तेल सोडतात, त्याने ती आणखी बळावते.

माझा विषय नाही, पण खांदा. वल्ह्यावर लटकून वर यायचा प्रयत्न करणाऱ्याचा हात डोक्याच्या मागे आणि वर जातो. खांदा निखळायला हीच स्थिती लागते. कोपर बरगड्यांजवळ ठेवा, हात खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळतो.

कोलाडचा पाहुणा

डॉक्टरांच्या खांद्याच्या मुद्द्याला +१००. मी तर म्हणेन की कोपर बाहेर गेलेला दिसला की सराव तिथंच थांबवा.

उडाणटप्पू

हे सगळं शोधलं कुणी पण? उलटं होऊन परत यायचं हे काही सहज सुचण्यासारखं नाही.

काठावरचा

सुचलं नसणार, गरज पडली असणार. ग्रीनलंडचे इन्युइट सीलची शिकार करायचे ती सीलच्याच कातड्याने मढवलेल्या कयाकमधून. अंगातला कातडी कोट कॉकपिटच्या कडेला असा आवळलेला असायचा की माणूस आणि होडी एकच. पाणी गोठणबिंदूच्या आसपास, आणि पोहायला कुणाला येत नसे, येऊन उपयोगही नव्हता. बाहेर पडणं म्हणजे मरण, मग सुलटं होण्याच्या नाना तऱ्हा निघाल्या. वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने, नुसत्या हाताने, एक हात दोरीत अडकला असेल तर दुसऱ्या हाताने. ग्रीनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत आजही रोलचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवावे लागतात.

युरोपात ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा याने १९२७ मध्ये ध्रुवीय प्रवाशांची वर्णनं वाचून वाचून स्वतःच तो जमवला. त्याच्या नावाच्या रोलमध्ये मागचा हात वल्ह्याच्या टोकाच्या पात्यावर असतो, त्यामुळे तरफ लांब मिळते. नवशिक्याला तो सोपा जातो.

कोलाडचा पाहुणा

सोपा जातो खरा, पण मी शिकवत नाही. खळाळत्या पाण्यात पकड बदलायला वेळ नसतो, आणि परत नेहमीच्या पकडीवर येताना दुसऱ्यांदा उलटणारे पुष्कळ. धरणावर शिकणाऱ्याने शिकला तर हरकत नाही. लांब सागरी होडी असेल तर उलट चांगलाच.

बाकी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कयाक क्रॉस बघितलं का कुणी? चार जण उंच फळीवरून एकदम पाण्यात सुटतात, आणि वाटेत एका जागी पूर्ण उलटं होऊन रोल करावाच लागतो, नाही केला तर दोष. ज्यांना हा सर्कशीचा प्रकार वाटतो त्यांनी ते बघावं. रोलला किती कमी वेळ लागतो ते घड्याळाशिवाय कळतं.

पोटोबा (धाराशिव)

पोट सुटलेल्या माणसाला जमतं का? 'नाक डेककडे' वाचूनच धाप लागली.

कोलाडचा पाहुणा

जमतं. पुढे वाकता येत नसेल तर जेवढं वळता येतं तेवढं बाजूला वळा. कंबरेतली पिळवट मोकळी हवी, पोट आडवं येत नाही. मोठ्या मापाची होडी मात्र घ्या. लहान होडीत कोंबून बसलात तर सुटकेच्या वेळी अडकाल.

सोयगावची पोर

एक व्यावहारिक शंका. जायकवाडीवर परवानगी लागते ना? मागे कुणाला तरी हटकलं होतं म्हणे.

गोदाकाठचा

लागते, आणि लागायलाच हवी. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी आणि बदकं उथळ पाण्यात उतरतात, नेमक्या त्याच जागा आपल्याला सरावाला सोयीच्या वाटतात. वनविभाग आणि धरणाचे अधिकारी दोघांकडे विचारून मगच होडी टाका. धरणाच्या भिंतीजवळ आणि २७ दरवाजांच्या परिसरात परवानगी असली तरी जाऊ नका. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाथसागरात सराव करूच नये. पूलमध्ये करावा.

पूलवाल्यांचं म्हणाल तर त्यांची भीती दोन गोष्टींची असते, टाइल्स आणि घाण. होडी आदल्या दिवशी धुऊन, तळाला जुनी चादर गुंडाळून दाखवायला न्या. गर्दी नसते ती वेळ मागा, दुपारची किंवा बंद व्हायच्या आधीची. लहान होडी घेऊन जा, साधारण अडीच मीटरची नदीतली. पाच मीटरची सागरी होडी बघितली की कुणीही नाहीच म्हणेल.

कापूसकोंड्याची

पूलवाले तयार झाले! चादरीची युक्ती चालली. रविवारी शेवटचा तास दिलाय, जीवरक्षक हजर असेल या अटीवर.

व्हिडिओ काढला. डोकंच. अगदी ठरवून खाली ठेवलं तरी शेवटच्या क्षणी वर जातंच. काही उपाय?

कोलाडचा पाहुणा

दातात लाइफ जॅकेटचा उजव्या खांद्यावरचा पट्टा धरा. पातं फिरवताना सोडू नका. मूर्खासारखं दिसतं, पण पट्टा तोंडात असताना डोकं वर जाऊच शकत नाही. श्वास नाकाने सोडायचा, चिमटा लावला असेल तर नुसता धरून ठेवायचा. थोड्या सरावाने सवय झाली की पट्टा सोडा.

बिनपाण्याचा लातूरकर

आयला, हे भारीय. बायकोला दाखवलं, म्हणाली घरात बोलतानाही धरत जा तो पट्टा.

सोयगावची पोर

शेवटचा प्रश्न. उजवीकडून जमायला लागला तर डावीकडून लगेच शिकावा की आधी एक बाजू पक्की करावी?

कोलाडचा पाहुणा

एक बाजू झोपेत जमेपर्यंत दुसरीला हात लावू नका, हे बहुतेक जण सांगतील. मी उलटं सांगतो. कंबरेचा सराव पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी, वल्ह्याचा एका बाजूने. नाहीतर एक बाजू एवढी पक्की होते की दुसऱ्या बाजूला शरीर वळायलाच तयार नसतं. धरणावर वारा एकाच दिशेने असेल तर बहुधा वाऱ्याकडच्या बाजूने वर येणं सोपं जातं, कारण लाट होडीला वर ढकलते. तुमची पक्की बाजू वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर दुसरी बाजू यावी लागते.

गोदाकाठचा

याला माझी पूर्ण सहमती. फक्त लाटेतला सराव पहिल्यांदा काठाजवळ, वारा काठाकडे वाहत असताना करा. म्हणजे चुकलंच तर पाणी तुम्हाला आत न नेता बाहेर आणून टाकेल.